थोरल्यांची बाजू

थोरल्यांनी एकच मत दोनदा सांगितलं, तेव्हा धाकटीला पहिल्यांदा शंका आली.

एका बंदराच्या मंडळाला कायदेशीर सल्ला हवा होता. नवा धक्का खाजगी कंपनीला चालवायला द्यावा की नाही, असा प्रश्न. थोरल्यांनी टायपिस्टबाईंना केबिनमध्ये बोलावलं, डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नेहमीसारखंच. सल्ला मंडळाकडे गेलासुद्धा. मग त्याच आठवड्यात त्यांनी बाईंना पुन्हा बोलावलं, पुन्हा डोळे मिटले, आणि तेच मत पहिल्या ओळीपासून सांगायला लागले. काना-मात्रेचा फरक नाही. शेवट तेवढा जरा जास्तच बांधेसूद. बाईंना वाटलं, साहेब आपली परीक्षा घेताहेत. त्या हसत धाकटीकडे आल्या आणि म्हणाल्या, "काय हो स्मरणशक्ती ही, या वयात!"

धाकटीही हसली. बाई गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं.

ती थोरल्यांची पुतणी. वडील गेले तेव्हा फ्रॉकमध्ये होती, तेव्हापासून काका-काकूंच्या घरी वाढली. त्या दोघांना मूल नव्हतं. जेवायला बसलं की काका वाद उकरून काढायचे. पोरीनं म्हणावं भाजी खारट आहे, की काका म्हणणार, पुरावा काय? ती रडकुंडीला यायची आणि काकू म्हणायची, "अहो, जेवू द्या तिला, खटला उद्या चालवा." अशी ती वकील झाली. घरात काका तिला बारके म्हणत. ऑफिसात ते थोरले, म्हणून ती आपोआप धाकटी. वय चाळिशी ओलांडून गेलं, चष्मा लागला, फर्ममध्ये भागीदार झाली, तरी धाकटीच राहिली.

फर्म मोठी म्हणावी तर मोठी नव्हती, लहान म्हणावी तर लहान नव्हती. मोठ्या फर्मांच्या देशोदेशी शाखा असतात, लहान वकिलाला एक टेबल आणि एक भाचा असतो. ही मधली. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या रंगाच्या फायली. रस्ते, पूल, बंदरं, विजेचे मनोरे, पाण्याच्या नळवाहिन्या, म्हणजे ज्यांच्याकडे चालू असेपर्यंत कोणी ढुंकून बघत नाही आणि बंद पडल्यावर सगळं गाव बोंब मारतं, अशा गोष्टींचे करार आणि भांडणं तिथे चालत. सगळ्यात खालच्या मजल्यावर धोरणाचं काम. सरकारी खात्यांना नियमांचे मसुदे करून द्यायचे. फर्ममध्ये जुना विनोद होता की खालच्या मजल्यावर नियम शिवतात आणि वरच्या मजल्यावर तेच उसवतात. थोरले हा विनोद ऐकून कधी हसत नसत. ते म्हणत, "शिवणाऱ्यालाच कळतं टाका कुठे कच्चा आहे."

हे सगळं त्यांनी उभं केलं होतं. तरुणपणी ते एकटे, एका जिन्याखालच्या खोलीत बसायचे. त्या काळात ते कंपन्यांचे वकील नव्हते. धरणाच्या पाण्यात घरं जाणाऱ्या एका खोऱ्यातल्या लोकांची बाजू त्यांनी वर्षानुवर्षं फुकट लढवली आणि हरले. मग पोटापाण्यासाठी दुसऱ्या बाजूची कामं घेतली. ती एवढी वाढली की त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही. निदान धाकटीला तरी तसं वाटत होतं.

त्या दोनदा सांगितलेल्या मतानंतर ती काकांकडे बारीक लक्ष ठेवायला लागली. आणि लक्ष ठेवायला लागल्यावर काय काय दिसलं! ते एकाच पानावर पुन्हा पुन्हा रेघा मारत होते. आधी पेन्सिलीच्या, मग निळ्या, मग लाल, शेवटी पान ओलं होऊन फाटेपर्यंत. मेलेल्या सहकाऱ्याला हाक मारत होते. रविवारी सकाळी वकिलीचा डगला चढवून दारात उभे राहत आणि गाडी का आली नाही म्हणून चिडत. गंमत अशी की कायदा जागच्या जागी होता. कुठलं कलम, कुठला निवाडा, कोणत्या न्यायाधीशानं कुठे भिन्न मत दिलं, सगळं लख्ख. माणसं तेवढी पुसली जात होती.

काकूला सगळं माहीत होतं. धाकटीनं विषय काढला, तर ती गॅसकडे तोंड करून बोलायला लागली.

"काल मला म्हणाले, तुम्ही फार वेळ थांबलात, तुमचं काम काय आहे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, काही नाही, साहेबांना चहा हवाय का विचारायला आले होते." तिनं डोळ्यांना पदर लावला. "बारके, डॉक्टरांकडे न्यायला बघितलं गं मी. गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणाले, वकिलाला डॉक्टर लागला की अशील पळतात."

आणि ते खरंच होतं. नेमकं त्याच दिवसांत फर्मचं सगळं नशीब एका प्रकरणावर येऊन टेकलं होतं.

शहराबाहेरच्या टेकडीखालून रस्त्यासाठी एक लांब बोगदा चालला होता. बोगदा खोदणारी कंपनी फर्मची सगळ्यात मोठी अशील. वरचा अख्खा मजला तिच्या जिवावर जगत होता. टेकडीवर वस्ती होती. सुरुंग लागायला लागले तशा घरांच्या भिंती तडकल्या, एका घराचा कोपराच खाली आला. वस्तीच्या लोकांनी न्यायाधिकरणाकडे धाव घेतली आणि कामाला स्थगिती मिळवली. खोदणारं अवजड यंत्र जमिनीच्या पोटात अडकून पडलं. स्थगिती उठवायची की कायम ठेवायची, याची अंतिम सुनावणी तोंडावर आली होती. कंपनीचे संचालक ऑफिसात येऊन स्पष्ट सांगून गेले, "थोरले स्वतः उभे राहणार असतील तर प्रकरण तुमच्याकडे. नाहीतर आम्हाला दुसरी दारं आहेत."

त्या दिवशी धाकटी दुसऱ्या भागीदारांच्या केबिनमध्ये गेली. फर्मचे पैसे, पगार, भाडं हे सगळं ते बघत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना गणिती म्हणायचे. थोरल्यांपाठोपाठ त्यांचाच शब्द चाले. तिनं कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं की काका उभे राहू शकणार नाहीत, त्यांचं मन त्यांच्या ताब्यात नाही.

गणिती काचेचा पेपरवेट बाजूला सरकवून पुढे झुकले. मग म्हणाले, "मला काय दिसत नाही असं वाटतं तुम्हाला? परवा लिफ्टमध्ये मला विचारत होते, कोणत्या मजल्यावर जायचंय तुम्हाला."

"मग?"

"मग काय! वरच्या मजल्यावर किती घरांच्या चुली आहेत ते बघा. ही सुनावणी तेवढी निभावून न्या. नंतर आपणच त्यांना सन्मानानं निवृत्त करू. हार, भाषणं, सगळं." त्यांनी आवाज खाली आणला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, धाकट्या बाई. आत्ता उघडली तर हातात काही उरणार नाही."

तिला राग आला. पण तो राग घेऊन ती जिना उतरली, तर पायऱ्यांवर वरच्या मजल्यावरचे तरुण वकील डबे उघडून बसले होते. एकीचं नुकतंच बाळंतपण झालेलं, एकानं घर घेतलेलं. ते सरकून तिला वाट देत म्हणाले, "बोगदा आपणच मारणार ना मॅडम?" तिच्या तोंडून "हो" निघून गेलं. त्या एका 'हो'नं तिला बांधून टाकलं.

काकांशी बोलून बघायचं राहिलं होतं. सकाळी ते ताजे असत, म्हणून ती सकाळी गेली. ते बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते.

"काका, या वेळी मी उभी राहते. तुम्ही शेजारी बसा."

त्यांनी झारी खाली ठेवली. "का?"

"तुम्ही दमलाय."

"मी दमलोय हे मला कोणी सांगितलेलं दिसत नाही." त्यांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि त्या नजरेत घाबरलेलं काहीतरी हललं. दुसऱ्याच क्षणी ते गरजले, "तुला माझी खुर्ची हवीय? तुझ्या बापाला मी शब्द दिला होता म्हणून तुला बोट धरून कोर्टात नेलं, आणि आज तूच मला उठवायला आलीस?"

काकू धावत बाहेर आली. धाकटी पर्स उचलून निघाली. गाडीत बसल्यावर तिला ती नजर पुन्हा पुन्हा आठवत राहिली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. घाबरलेल्या माणसाशी कसं भांडायचं?

मग तिनं बुडत्यानं काडी धरावी तशी तयारी धरली. सगळा युक्तिवाद मोठ्या टपोऱ्या अक्षरांत छापला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिलं, 'आपण कंपनीच्या बाजूनं आहोत.' सकाळमागून सकाळ ती त्यांच्यासमोर बसून सराव करून घ्यायची. काही दिवस असे उगवायचे की जुने काका परत आल्यासारखे वाटायचे. तिच्या एका मुद्द्याच्या त्यांनी चिंधड्या केल्या, तेव्हा तर तिला आनंदानं रडू आलं. वाटलं, निभेल. काही दिवस ते तिसऱ्या पानावर थांबून विचारायचे, "ही टेकडी कुठली?" त्या दिवशी ती घरी जाऊन काही न खाता झोपायची. नवरा दौऱ्यावर असे, त्याला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगायची. घरात कसं सांगणार? सांगितलं तर ते खरं झालं असतं.

सुनावणीचा दिवस उजाडला.

न्यायाधिकरणाची खोली लांबट आणि थंडगार. समोर उंचावर तीन सदस्य, मधे अध्यक्षबाई. त्या एकेकाळी थोरल्यांच्या हाताखाली शिकलेल्या होत्या आणि अजूनही त्यांच्याशी जरा आदबीनं बोलत. एका बाजूला कंपनीचे संचालक, गणिती, फायलींचे ढीग. दुसऱ्या बाजूला वस्तीचा वकील, किडकिडीत, डगल्याची बाही उसवलेली. त्याच्या मागे वस्तीची माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. एक बाई भिंतीचा पडलेला तुकडा पिशवीतून घेऊन आली होती. तो दाखवायची वेळ येईल या आशेनं तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवलीच नाही.

थोरले उठले. खोली शांत झाली. ते उठले की ती तशी होतच असे.

पहिला अर्धा भाग दृष्ट लागण्यासारखा गेला. बोगदा का हवा, परवानग्या कशा रीतसर आहेत, स्थगितीचा कायदा काय म्हणतो. आवाज खणखणीत. धाकटी शेजारी बसून पानावरून बोट फिरवत होती आणि मनात म्हणत होती, एवढंच, काका, आणखी थोडंच. संचालक मागे रेलून बसले. गणितींनी तिच्याकडे पाहून हलकेच मान हलवली.

तेवढ्यात मांडीवर पिशवी घेतलेली ती बाई खोकली. थोरल्यांनी वळून तिकडे पाहिलं. बघतच राहिले. पडलेल्या चेहऱ्यांची ती रांग त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निरखली, जसं ओळखीचं कोणी शोधताहेत. मग त्यांनी हातातली छापील पानं टेबलावर पालथी घातली.

धाकटीनं पान पुन्हा सरळ केलं आणि त्यांच्या बोटांखाली सरकवलं. त्यांनी ते बाजूला केलं.

"अध्यक्ष महोदया," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदललेला होता, तरुण झाला होता. "समोरच्या बाजूनं सांगितलेलं सगळं मी ऐकलं. परवानग्या आहेत. नकाशे आहेत. सह्या आहेत. एक गोष्ट नाही. माझ्या अशिलांना कोणी विचारलेलं नाही."

धाकटीनं त्यांचा डगला ओढला. त्यांनी तिचा हात हळूच सोडवला, लहान पोराचा सोडवावा तसा.

"माझे अशील रस्ता नको म्हणत नाहीत. रस्त्यावरून त्यांनाही जायचंय. त्यांचं म्हणणं इतकंच आहे, की आमच्या घराखालून जाणार असाल तर आधी आमचं दार वाजवा. जमीन सरकारची असेल, खालचा दगड सरकारचा असेल. पण त्या दगडावर ज्यांची झोप उभी आहे, त्या झोपेचा मालक कोण? परवाना देणाऱ्यानं हा प्रश्न स्वतःला विचारला नसेल, तर तो परवाना अपुरा आहे. आणि अपुऱ्या परवान्यावर केलेलं काम कितीही पुढे गेलं, तरी ते कायद्यात सुरूच झालेलं नसतं."

मग त्यांनी निवाडे सांगितले. एकापाठोपाठ एक, पान क्रमांकासकट. वस्तीचा वकील आधी गोंधळला, नंतर भराभर लिहून घ्यायला लागला. वस्तीच्या लोकांना काही कळेना. आतापर्यंत आपल्याविरुद्ध बोलणारा म्हातारा एकाएकी आपलं दुःख आपल्यापेक्षा चांगलं कसं सांगतोय? पिशवीवाल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. आणि धाकटीला, त्या भयातही, कळत होतं की काकांना इतकं सुंदर बोलताना तिनं आयुष्यात ऐकलेलं नाही. पाण्याखाली गेलेल्या त्या खोऱ्याची केस ते इतकी वर्षं मनात लढतच राहिले होते. हरल्यानंतरही त्यांनी तिच्यात सुधारणा केल्या होत्या.

संचालक ताडकन उठले आणि गणितींच्या कानाशी लागले. गणितींनी घाईघाईनं एक चिठ्ठी पुढे सरकवली. साखर कमी झाली म्हणा. आजच्या पुरतं म्हणा.

धाकटी उभी राहिली.

"माफ करा, अध्यक्ष महोदया. आम्हाला सुनावणी तहकूब करून हवी आहे."

थोरले बोलायचे थांबले आणि तिच्याकडे वळले. अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांना समजलं होतं, पण नुसतं समजून चालत नव्हतं.

"तुमच्या ज्येष्ठांनी जे मांडलं, ते तुमच्या अशिलाची कबुली म्हणून नोंदवायचं का?" त्यांनी विचारलं. "नसेल, तर कारण द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे."

चिठ्ठी समोर होती. साखर कमी झाली, एवढे तीन शब्द. ती ते बोलली असती तर मूठ झाकलेली राहिली असती. पुढच्या तारखेला पुन्हा मोठी अक्षरं, पुन्हा पानं, पुन्हा काकांना उभं करायचं. तिनं काकांकडे पाहिलं. ते शिष्यानं काहीतरी चांगलं बोलावं अशा अपेक्षेनं तिच्याकडे बघत होते. त्यांना पुन्हा या जागी उभं करायला आपले हात धजणार नाहीत, हे तिला त्या क्षणी कळलं.

"ते आजारी आहेत," ती म्हणाली. "त्यांची स्मृती जात चालली आहे. आपण कोणाच्या बाजूनं उभे आहोत हे त्यांना आत्ता ठाऊक नाही. हे आजचं नाही, बरेच महिने चाललंय. मला माहीत होतं. माहीत असून मी त्यांना इथे आणलं. त्यांचं बोलणं नोंदीतून काढून टाकावं, आणि माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी."

एवढं बोलेपर्यंत तिचा आवाज टिकला. मग तिनं खाली पाहिलं.

थोरले हळूहळू बसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि, दुर्दैवानं, सगळं समजलंही होतं. कपाळावरून हात फिरवत ते इतक्या हळू बोलले की तिच्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही.

"बारके, युक्तिवाद चुकला का?"

"नाही, काका. युक्तिवाद बरोबर होता. पक्ष चुकला."

"अरेरे," ते म्हणाले. एखाद्याचा पाय चुकून तुडवल्यावर म्हणावं, तसं.

तिनं त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. दारापाशी वस्तीची माणसं उठून उभी राहिली होती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढचं सगळं गडगडत आलं. कंपनीनं त्याच आठवड्यात सगळी प्रकरणं काढून घेतली. मागोमाग दुसऱ्या अशिलांनी विचारणा सुरू केली, की आमच्या कागदांवर सह्या करताना थोरले शुद्धीत होते का? उत्तर देता येईना. गणितींनी अर्ध्या वकिलांना घेऊन वेगळी फर्म काढली. जाताना ते धाकटीच्या केबिनमध्ये आले. तिला वाटलं, तोडून बोलतील.

"तीन शब्द होते हो," ते नुसतं म्हणाले. "तेवढे बोलला असतात तर वरचा मजला वाचला असता." आणि मग दारातून, पाठमोरेच, "मला तरी ते बोलवले असते का, देव जाणे."

जिन्यावर डबे खाणाऱ्यांपैकी काही गणितींबरोबर गेले, काही कुठेच गेले नाहीत. बाळंतीण झालेली ती मुलगी आपलं टेबल आवरताना धाकटीशी बोलली नाही. धाकटीनं तिला खोकं धरून दिलं, तेही तिनं घेतलं नाही. तो वार धाकटीला सगळ्यात खोल लागला. वकिलांच्या परिषदेनं चौकशी केली आणि धाकटीची सनद वर्षभरासाठी थांबवली. तिनं उलट अर्ज केला नाही. रिकाम्या झालेल्या मजल्यावर भाडेकरू म्हणून दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आला.

बोगद्याचं प्रकरण कंपनीनं नव्या वकिलांकडून चालवलं. थोरल्यांचं बोलणं नोंदीतून गेलं होतं, पण कानांतून कसं जाणार? वस्तीच्या वकिलानं तोच युक्तिवाद आपला म्हणून मांडला. त्यात गैर काही नव्हतं, युक्तिवाद कोणाच्या बापाचा नसतो. पण त्याला तो पेलला नाही. दोनदा अडखळला, एक निवाडा चुकीचा सांगितला. निकाल आला तो अर्धामुर्धा: वरच्या रांगेतल्या घरांची तपासणी होईपर्यंत त्यांच्याखाली सुरुंग नाही, बाकी काम चालू. धाकटीनं तो वर्तमानपत्रात वाचला आणि पेपर घडी करून ठेवून दिला. काका उभे असते तर खालची रांगही वाचली असती, असा विचार मनात आला. त्या विचाराची तिलाच भीती वाटली. ती कोणाच्या बाजूनं होती, हे तिलाही आता नीट सांगता येईना.

ती रोज दुपारी काकांकडे जायला लागली, काकूला थोडी झोप मिळावी म्हणून. सुरुवातीला ते तिला ओळखत आणि तोंड फिरवून घेत. हे असह्य होतं. मग ते ओळखेनासे झाले, आणि ते त्याहून असह्य होतं.

एका दुपारी ती खोलीत शिरली, तर ते टेबलाशी ताठ बसलेले. स्वच्छ दाढी, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा. काय प्रकरण आहे तुमचं?"

ती बसली. काकू दारात उभी होती. तिनं खुणेनं सांगितलं, बोल काहीतरी. काय बोलणार? खोटं प्रकरण रचायला गेली, पण सुचेना. आणि मग बांध फुटावा तसं खरंच बाहेर पडलं.

"माझ्या काकांनी मला वाढवलं," ती म्हणाली. "ते फार मोठे होते. आजारी पडले. मी ते लपवलं, पुष्कळ लोकांची पोटं त्यांच्यावर होती म्हणून. आणि मग एक दिवस न्यायाधिकरणात, अशिलाचं नुकसान टळावं म्हणून, त्यांच्या तोंडावर मीच सगळ्यांना सांगितलं की यांना काही आठवत नाही, दोष माझा आहे."

ते लक्षपूर्वक ऐकत होते. अशिलाचं ऐकताना ऐकायचे तसेच, हनुवटीखाली मूठ धरून.

"सांगितलंत ते खरं होतं?"

"हो."

"दुसरा मार्ग होता?"

"लपवायचा होता, आणखी थोडे दिवस."

"तो मार्ग नव्हे." त्यांनी हात झटकून तो मुद्दा निकालात काढला. "मग तुमच्या काकांच्या वतीनं कोण बोललं?"

"म्हणजे?"

"तुम्ही न्यायाधिकरणाला उत्तर दिलंत. अशिलाचं नुकसान टाळलंत. स्वतःवरचा दोष कबूल केलात. तीन पक्ष झाले. चौथा माणूस तिथे बसलेला होता. त्याची बाजू कोणी मांडली?"

तिनं दारातल्या काकूकडे पाहिलं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"तेवढीच त्रुटी आहे," थोरले म्हणाले. आवाजात ठपका नव्हता. वैद्यानं दुखरी जागा दाबून, इथे आहे, म्हणावं तसं ते म्हणाले. "दुरुस्त करता येईल. गुन्हेगाराला वकील मिळतो, आजाऱ्याला का मिळू नये? मी घेतो ते प्रकरण. माणूस कसा होता, काय काय केलं त्यानं, कुठे हरला, सगळं मला नीट सांगावं लागेल. लपवायचं नाही. वकिलापासून लपवलं की संपलं."

"सांगते," ती म्हणाली. तिचा चेहरा ओला झाला होता आणि तिनं तो पुसला नाही. "कुठून सुरुवात करू?"

"सुरुवातीपासून," ते म्हणाले आणि कोरा कागद पुढे ओढला. "आधी एक सांगा. वादविवाद करायचा का तो घरात? जेवताना वगैरे?"

दारातली काकू आत आली आणि धाकटीच्या मागे येऊन उभी राहिली.

"फार," काकू म्हणाली.